चुंबक आणि अतिसंवाहक, एकाच तारेवर

ऐरोली, रबाळे आणि महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी प्रामुख्याने रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते, तिथे गेल्या काही वर्षांत डेटा सेंटर्सच्या भल्यामोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांत साठवलेल्या माहितीची सुरक्षितता अखेर एका साध्या सोयीवर अवलंबून आहे: माहितीची नक्कल करता येते. एका डिस्कवरचा मजकूर दुसऱ्या डिस्कवर, एका शहरातला दुसऱ्या शहरात उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे एखादे यंत्र बंद पडले तरी बँकेतली शिल्लक किंवा रेल्वेचे आरक्षण नाहीसे होत नाही. क्वांटम संगणकाला मात्र ही सोय मिळत नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केले. आणि क्वांटम संगणकातील माहितीचा घटक, म्हणजे क्यूबिट, तर उष्णतेच्या किंवा विद्युतक्षेत्राच्या किंचित धक्क्यानेही बिघडतो.

या अडचणीवर आज सर्वाधिक वापरला जाणारा उपाय असा, की एका क्यूबिटची माहिती अनेक क्यूबिटांमध्ये पसरवून ठेवावी, त्यांच्यावर सतत पहारा ठेवावा आणि होणाऱ्या चुका दुरुस्त करीत राहावे. पण त्यासाठी एका भरवशाच्या क्यूबिटमागे शेकडो, प्रसंगी हजारो कच्चे क्यूबिट खर्ची पडतात. दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे. माहितीचा एक भाग पदार्थाच्या एका टोकाला आणि दुसरा भाग दुसऱ्या टोकाला असेल, आणि कोणत्याही एका टोकाकडे पाहून ती माहिती वाचताही येणार नाही वा बिघडवताही येणार नाही, असा पदार्थच घडवता आला, तर एका जागी बसणारे धक्के तिच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. असे वर्तन ज्या पदार्थाकडून अपेक्षित आहे त्याला टोपॉलॉजिकल अतिसंवाहक म्हणतात. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी बारीक अर्धसंवाहक तार, जिच्यावर एकीकडे अतिसंवाहक धातूचा आणि दुसरीकडे चुंबकीय पदार्थाचा थर चढवलेला असतो. या तारेची कहाणी डेन्मार्क, नेदरलँड्स आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांत घडली असली, तरी तिच्यातले दोन मूळ प्रश्न, म्हणजे चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र कशी नांदतात आणि इंडियम आर्सेनाइडच्या बारीक तारेत इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे मुंबईच्या प्रयोगशाळांत बारकाईने अभ्यासले गेले आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

अतिसंवाहकता म्हणजे ठरावीक तापमानाखाली पदार्थाचा विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होणे. १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पारा ४.२ केल्विनला अशा अवस्थेत गेलेला आढळला. केल्विन हे माप निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजले जाते. या घटनेचा उलगडा होण्यास १९५७ साल उजाडावे लागले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवले, की एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या कंपनांच्या मध्यस्थीने जोड्या बांधतात, या सर्व जोड्या एकाच सामायिक क्वांटम अवस्थेत चालतात, आणि एक जोडी फोडायची तर ठरावीक किमान ऊर्जा पुरवावी लागते. या किमान ऊर्जेला ऊर्जा-अंतर म्हणतात. नेहमीच्या अतिसंवाहकातील जोडीची एक अट असते: तिच्यातील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध दिशांना असले पाहिजेत. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण असून त्याच्यामुळेच प्रत्येक इलेक्ट्रॉन एक सूक्ष्म चुंबक असतो.

चुंबकाचे आणि अतिसंवाहकाचे वैर येथूनच सुरू होते, कारण चुंबकाचा कल सर्व स्पिन एकाच दिशेला वळवण्याकडे असतो आणि एका दिशेला वळलेल्या स्पिनांची जोडी टिकत नाही. हे वैर किती टोकाचे असू शकते, याचे उत्तम उदाहरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजेच टीआयएफआरमध्ये, मिळाले. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या साधारण दोन हजाराव्या भागापर्यंत, थंड केला असता तो अतिसंवाहक होतो, असे त्यांना आढळले आणि हा शोध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिस्मथमध्ये विद्युतधारा वाहून नेणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात, की रूढ सिद्धांतानुसार त्याने अतिसंवाहक व्हायलाच नको होते. त्यामुळे हा शोध जगभर चर्चिला गेला. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातली दुसरी एक संख्या अधिक बोलकी आहे. बिस्मथची ही अतिसंवाहकता सुमारे ५.२ मायक्रोटेस्ला इतक्याच चुंबकीय क्षेत्रात मोडून पडते, आणि पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र, ज्याचे मोजमाप कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ पासून अलिबागेत होत आले आहे, ते याच्या सुमारे आठपट आहे. म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व अडवल्याखेरीज हा प्रयोग होऊच शकला नसता.

तरीही हे वैर सरसकट नाही, हेही मुंबईतच ठळकपणे दिसले. १९५८ मध्ये मथायस, सूल आणि कोरेन्झविट यांनी लँथॅनम या अतिसंवाहक धातूत गॅडोलिनियमचे चुंबकीय अणू अगदी थोड्या प्रमाणात मिसळले, तेव्हा अतिसंवाहकता झपाट्याने खालावलेली त्यांना दिसली, आणि पुढे बराच काळ चुंबकीय अणू म्हणजे अतिसंवाहकतेचे विष, हीच समजूत दृढ राहिली. जानेवारी १९९४ मध्ये टीआयएफआरचे आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी, पवईच्या आयआयटीतील बी. डी. पडालिया आणि फ्रान्समधील सी. गोदार्त यांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले. निकेल हा लोहाच्या पंक्तीत बसणारा चुंबकीय धातू असूनही येथे तो अतिसंवाहकतेच्या आड आला नाही. बोरोकार्बाइड नावाच्या याच कुटुंबातील, यिट्रियमच्या जागी अर्बियम किंवा होल्मियम असलेल्या संयुगांनी तर अभ्यासकांपुढे एक नवे दालनच उघडले. अर्बियमचे संयुग साधारण १०.५ केल्विनला अतिसंवाहक होते, ६ केल्विनला त्यातील अर्बियमचे अणू एकाआड एक उलटसुलट दिशांना रचले जाऊन प्रतिलोहचुंबकीय होतात, २.३ केल्विनच्या खाली त्यात दुबळे लोहचुंबकत्वही उगवते, आणि या सर्व काळात अतिसंवाहकता टिकून राहते. उलटसुलट रचनेतील चुंबकांची बेरीज इलेक्ट्रॉन-जोडीच्या विस्ताराइतक्या अंतरात जवळपास शून्य होते, म्हणून जोडीला त्यांचा त्रास होत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण.

या संशोधनाचे महत्त्व एका पदार्थापुरते नाही. चुंबकत्व अतिसंवाहकतेच्या किती जवळ, कोणत्या रचनेत आणि किती बळाने आणले म्हणजे दोन्ही टिकतात, हा प्रश्न तेथे नेमकेपणाने मांडला गेला. आणि नॅनोतारेत तोच प्रश्न, एका स्फटिकाच्या आत नव्हे तर काही नॅनोमीटर जाडीच्या वेगवेगळ्या थरांमध्ये, पुन्हा उभा राहिला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

टोपॉलॉजी ही गणिताची शाखा वस्तूंच्या अशा गुणधर्मांचा अभ्यास करते, जे वस्तू ताणल्याने, वाकवल्याने किंवा चेपल्याने बदलत नाहीत. बांगडी चेपून लांबट केली तरी तिच्यातील पोकळी एकच राहते. ती पोकळी नाहीशी करायची तर बांगडी तोडावीच लागते. काही पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित क्वांटम अवस्थेलाही असा एक पूर्णांक चिकटलेला असतो आणि तो बदलायचा तर पदार्थातील ऊर्जा-अंतर आधी शून्यावर आणावे लागते. ज्या ठिकाणी एका पूर्णांकाचा पदार्थ संपतो आणि दुसऱ्या पूर्णांकाचा, किंवा साधी पोकळी, सुरू होते, त्या सीमेवर ऊर्जा-अंतर मिटणे भाग असते, म्हणून तेथे शून्य ऊर्जेची एक अवस्था अपरिहार्यपणे उगवते. एकमितीय तारेत सीमा म्हणजे तिची दोन टोके.

अतिसंवाहकात या टोकाच्या अवस्थेला आणखी एक विलक्षण गुण प्राप्त होतो. अतिसंवाहकातील उत्तेजित अवस्था ही इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनची रिकामी जागा यांचे मिश्रण असते, आणि ऊर्जा बरोबर शून्य असेल तर हे मिश्रण समसमान होऊन ती अवस्था स्वतःचीच प्रतिमा बनते. स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणाची कल्पना इटलीचे एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये मांडली होती. पुढच्याच वर्षी ते बेपत्ता झाले आणि त्यांच्या कल्पनेतला कण मूलकणांच्या जगात अद्याप निर्विवादपणे सापडलेला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अलेक्सी किताएव्ह यांनी दाखवले, की योग्य प्रकारच्या अतिसंवाहक साखळीत प्रत्येक इलेक्ट्रॉनचे गणिती दृष्ट्या दोन मायोराना-अर्ध कल्पिले, तर साध्या अवस्थेत एकाच जागेवरचे दोन अर्ध परस्परांशी जोडलेले असतात, पण टोपॉलॉजिकल अवस्थेत प्रत्येक जागेचा एक अर्ध शेजारच्या जागेच्या अर्धाशी जोडला जातो, आणि साखळीच्या दोन टोकांना एकेक अर्ध जोडीविना उरतो. हे दोन एकाकी अर्ध मिळून एकच इलेक्ट्रॉन-अवस्था बनते; ती भरलेली आहे की रिकामी, हीच साठवलेली माहिती, आणि ती दोन्ही टोकांमध्ये वाटली गेल्यामुळे एका टोकाच्या धक्क्याने बिघडत नाही. शिवाय अशा टोकांची अदलाबदल कोणत्या क्रमाने केली यावर अंतिम अवस्था अवलंबून राहते, त्यामुळे ही अदलाबदल, जिला शास्त्रज्ञ वेणी घालणे म्हणतात, हीच गणनक्रिया ठरू शकते.

किताएव्ह यांच्या साखळीत एक अडचण होती. तिच्यातील इलेक्ट्रॉनांना जणू स्पिनच नव्हता, आणि निसर्गात असे इलेक्ट्रॉन नाहीत. या अडचणीतून वाट काढण्यासाठी तीन गोष्टी एका तारेत आणाव्या लागतात. पहिली म्हणजे स्पिन-कक्षा युग्मन, ज्यामुळे धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा त्याच्या धावण्याच्या दिशेशी बांधली जाते. दुसरी म्हणजे चुंबकत्व, ज्यामुळे दोन स्पिनांच्या ऊर्जा वेगळ्या होऊन एकाच जातीचे इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. तिसरी म्हणजे शेजारच्या धातूकडून उसनी मिळणारी अतिसंवाहकता. केवळ चुंबकत्व असते तर जोडीतले दोन्ही स्पिन एकाच दिशेला वळून जोडीच बांधली गेली नसती. पण स्पिन-कक्षा युग्मनामुळे डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परांपासून थोडे कललेले राहतात आणि तेवढा कल जोडी बांधण्यास पुरतो. चुंबकत्वाची ऊर्जा अतिसंवाहकतेच्या ऊर्जा-अंतरापेक्षा अधिक हवी, मात्र अतिसंवाहकता मरेल इतकी अधिक नको. या अरुंद पट्ट्यातच टोपॉलॉजिकल अवस्था संभवते.

यातील पहिल्या गोष्टीवर टीआयएफआरमध्ये या सिद्धांताच्याही आधी काम झाले होते. २००९ मध्ये सजल धारा, मंदार देशमुख, अर्णब भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइडच्या सुट्या नॅनोतारांतून जाणाऱ्या विद्युतधारेवर चुंबकीय क्षेत्राचा काय परिणाम होतो, हे मोजून प्रसिद्ध केले. अशा तारा कोरून काढलेल्या नसतात, त्या वाढवलेल्या असतात: तापलेल्या चकतीवर सोन्याचे सूक्ष्म कण ठेवून त्यांच्यावरून इंडियम आणि आर्सेनिक असलेल्या वायूंचा प्रवाह सोडला, की ते अणू सोन्याच्या कणात विरघळतात, त्याच्या तळाशी थराथराने स्फटिक रूपात जमतात आणि सोन्याचा कण डोक्यावर घेऊन तार उभी वाढत जाते. मुंबईच्या प्रयोगात अशा एकेका तारेला धातूचे जोड देऊन, खालच्या गेटला व्होल्टेज लावून, तिचा रोध अतिशीत तापमानात मोजला गेला. गेट म्हणजे तारेला न शिवता तिच्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त करणारा विद्युतपट्टा.

या मोजमापातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अशुद्धींवर आदळत जाणारा इलेक्ट्रॉन कधीकधी फेरी मारून मूळ जागी परततो, आणि क्वांटम नियमांनुसार तीच फेरी उलट दिशेने मारणारी लहरही तेथेच पोहोचते; दोन्ही लहरी एकमेकींना बळ देतात आणि इलेक्ट्रॉन मागे अडकण्याची शक्यता, म्हणून तारेचा रोधही, किंचित वाढतो. स्पिन-कक्षा युग्मन प्रभावी असेल तर फेरीत स्पिन फिरतो, दोन लहरी एकमेकींना बळ देण्याऐवजी खोडतात आणि रोध उलट कमी होतो. लहानसे चुंबकीय क्षेत्र लावले की हा परिणाम मिटतो, म्हणून क्षेत्र लावल्यावर रोध घटला की वाढला, एवढे पाहून युग्मनाचे बळ ताडता येते. गेटचे व्होल्टेज वाढवत नेले तसे ही तार पहिल्या वर्तनाकडून दुसऱ्या वर्तनाकडे वळली आणि स्पिन फिरायला लागणारे अंतर केवळ गेटच्या साहाय्याने सुमारे दुपटीने बदलता आले. मायोरानाचा विचारही त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण नंतर जगभर ज्या पदार्थाची निवड झाली, तो हाच, आणि ज्या गुणासाठी झाली, तोही हाच.

जानेवारी २०१० मध्ये मेरिलँड विद्यापीठातील जयदीप साऊ, रोमन लुचिन, शंकर दास सर्मा आणि क्लेम्सन विद्यापीठातील सुमंत तिवारी यांनी जो प्रस्ताव मांडला, त्यात अर्धसंवाहकाचा पातळ थर एका बाजूने अतिसंवाहकाच्या आणि दुसऱ्या बाजूने चुंबकीय निरोधकाच्या मध्ये दाबलेला होता. म्हणजे चुंबकीय पदार्थ ही मूळ कल्पनेतलीच गोष्ट होती. त्याच वर्षी साऊ, लुचिन आणि दास सर्मा यांनी, तसेच ओरेग, रेफाएल आणि फॉन ऑपेन यांनी स्वतंत्रपणे, थराऐवजी तार आणि चुंबकीय पदार्थाऐवजी बाहेरून लावलेले चुंबकीय क्षेत्र सुचवले. प्रयोगकर्त्यांना हा प्रस्ताव फार सोयीचा वाटला, कारण क्षेत्र ही बटण फिरवून कमीजास्त करता येणारी गोष्ट आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे लिओ कौवेनहोव्हन यांच्या गटाने इंडियम अँटिमोनाइडच्या तारेत, क्षेत्र लावल्यावर, शून्य व्होल्टेजला विद्युतवाहकतेचे एक शिखर उगवते असे दाखवले आणि मायोरानाच्या शोधाला मोठी गती मिळाली.

पण बाहेरच्या क्षेत्राचा मार्ग पुढे अडला. क्षेत्र तारेबरोबर तिच्यावरच्या अतिसंवाहक ॲल्युमिनियमलाही सोसावे लागते. पातळ थरात आणि तारेच्या लांबीशी समांतर लावलेल्या क्षेत्रातच तो तग धरतो, दिशा थोडी जरी ढळली तरी अतिसंवाहकता खालावते. वेणी घालायची तर तारांचे जाळे हवे, त्यात काही तारा आडव्या आणि काही उभ्या असणार, आणि एकच क्षेत्र त्या सर्वांशी समांतर असणे भूमितीतच बसत नाही. शिवाय तेवढे बळकट क्षेत्र शेजारच्या अतिसंवाहक परिपथांनाही बाधते. प्रत्येक तारेने स्वतःचे चुंबकत्व स्वतःबरोबर बाळगले तर या सर्व अडचणी एकदम दूर होतात, म्हणून साधारण दहा वर्षांनी संशोधकांची पावले मूळ कल्पनेकडे परतली.

कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमध्ये पीटर क्रोग्स्ट्रुप आणि चार्ल्स मार्कस यांच्या गटांनी यासाठी युरोपियम सल्फाइड हा पदार्थ निवडला. तो लोहचुंबकीय आहे, पण विद्युतनिरोधकही आहे, आणि ही दुसरी गोष्ट कळीची आहे. लोखंडासारखा धातू वापरला असता तर तारेतील इलेक्ट्रॉन त्यातच निघून गेले असते. त्याचे चुंबकत्व सुमारे १६.५ केल्विनच्या खाली प्रकट होते, आणि प्रयोग तर त्याच्या कितीतरी खाली, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ चालतो. इंडियम आर्सेनाइडची तार आडवी कापून पाहिली तर षटकोनी दिसते, म्हणजे तिला सहा सपाट फलक असतात. निर्वात कक्षातून बाहेर न काढता या फलकांपैकी काहींवर युरोपियम सल्फाइडचा आणि काहींवर ॲल्युमिनियमचा थर तिरप्या दिशेने बसवला गेला. कक्षातून बाहेर न काढण्याचे कारण असे, की हवेचा स्पर्श झाला तर मधे ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि थरांचा एकमेकांशी असलेला क्वांटम संबंध तुटतो.

सावलियस वैतेकेनास आणि सहकाऱ्यांनी अशा दोन प्रकारच्या तारा तयार केल्या. पहिल्या प्रकारात चुंबकाचा आणि ॲल्युमिनियमचा थर एका फलकावर एकमेकांवर चढलेले होते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही थर त्याच तारेवर, पण वेगवेगळ्या फलकांवर, एकमेकांना न शिवणारे होते. तार लांबीच्या दिशेने एकदा चुंबकित करून बाहेरचे क्षेत्र शून्यावर आणले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या तारेत एक टेस्लाहून अधिक परिणामकारक क्षेत्र आपोआप शिल्लक राहिले आणि शून्य व्होल्टेजला शिखर दिसले. दुसऱ्या प्रकारच्या तारेत असे शिखर दिसले नाही. हे निष्कर्ष २०२१ च्या ‘नेचर फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या संपूर्ण क्षेत्रात याइतका स्वच्छ तुलनात्मक पुरावा क्वचितच सापडतो, कारण पदार्थ तेच, तापमान तेच, फरक फक्त थरांच्या मांडणीचा, आणि उत्तर त्या मांडणीनुसार बदलते. चुंबक बाहेरून क्षेत्र पसरवून काम करीत असता तर थर एकमेकांना शिवतात की नाही याला फारसे महत्त्व उरले नसते. तेव्हा येथे कामाला येते ती विनिमय परस्परक्रिया, म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या अणूंच्या स्पिनांमधील क्वांटम ओढ, आणि तिचा पल्ला अणूंच्या काही थरांपलीकडे जात नाही. त्यानंतर झालेल्या सैद्धांतिक अभ्यासांनीही हेच अधोरेखित केले, की तारेतील इलेक्ट्रॉनांना गेटच्या साहाय्याने चुंबक आणि अतिसंवाहक या दोहोंच्या जवळ ढकलावे लागते.

याच काळात अमेरिकेत एमआयटीमधील जगदीश मूडेरा यांच्या गटातून सुजित मन्ना आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या नॅनोतारेवर युरोपियम सल्फाइडची बेटे ठेवून बेटांच्या टोकांना शून्य ऊर्जेच्या संकेतांची जोडी पाहिल्याचे २०२० मध्ये नोंदवले.

तरीही शिखर दिसले म्हणजे मायोराना सापडला, असे मुळीच नाही. तारेतील अशुद्धींमुळे, किंवा तिच्या टोकाशी विद्युतविभव हळूहळू बदलत असल्यामुळे, टोपॉलॉजीशी काही संबंध नसलेल्या साध्या अवस्थाही शून्य ऊर्जेच्या जवळ येऊन अगदी तसेच शिखर देतात. त्यांना अँड्रीव्ह अवस्था म्हणतात. या गफलतीची किंमत या क्षेत्राने मोजली आहे. शिखराची उंची सिद्धांताने सांगितलेल्या नेमक्या मूल्याशी जुळते, असा दावा करणारा डेल्फ्ट गटाचा २०१८ चा निबंध, सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक यांनी मूळ नोंदी मागवून तपासल्यानंतर, मार्च २०२१ मध्ये ‘नेचर’मधून मागे घेण्यात आला. मौरिक हे २०१२ च्या मूळ प्रयोगाचे पहिले लेखक होते. चुंबकीय टोपॉलॉजिकल पदार्थ आणि अतिसंवाहक यांच्या जोडणीबाबतही असेच घडले: २०१७ मध्ये गाजलेला दावा पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील गटाने स्वतःची उपकरणे घडवून पुन्हा तपासला, आणि जानेवारी २०२० मध्ये तो पुरावा टिकत नसल्याचे दाखवले. या गटात पवईच्या आयआयटीतून १९८० मध्ये बी.टेक. झालेले नितीन समर्थ हेही होते. मूळ निबंध २०२२ मध्ये ‘सायन्स’ने मागे घेतला. अशा नकारात्मक कामाला वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही, पण विज्ञानाची खरी शिस्त त्यातच दिसते आणि ते करणाऱ्यांचे ऋण मान्य करायला हवे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंडियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियमवर आधारलेली ‘मायोराना १’ ही चिप जाहीर केली, तेव्हाही सोबतच्या निबंधाला जोडलेल्या परीक्षण-टिपणात ‘नेचर’ने स्पष्ट केले, की त्यातील निष्कर्ष हे मायोराना अवस्थांच्या अस्तित्वाचा पुरावा ठरत नाहीत. त्या निबंधात जे दाखवले गेले ते म्हणजे तारेतील इलेक्ट्रॉनांची संख्या सम आहे की विषम, हे एकाच मोजणीत वाचण्याचे तंत्र. ते तंत्र उपयुक्त आहेच. पण खरी कसोटी, म्हणजे टोकांची अदलाबदल करून अवस्था सिद्धांताप्रमाणे बदलते असे दाखवणे, ती अशा तारांत अजून कोणीही पार पाडलेली नाही.

भारतात क्वांटम संगणनाचे काम वेगळ्या वाटेने पुढे गेले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. हे क्यूबिट टोपॉलॉजिकल नाहीत. ते सर्वत्र प्रचलित असलेल्या अतिसंवाहक परिपथांचे आहेत आणि त्यांना चुकांची दुरुस्ती लागणारच. मात्र तारांच्या मार्गावर जे अडले आहे, ते सिद्धांताच्या कमतरतेमुळे नव्हे, तर तारेतील अशुद्धी कमी करण्याच्या आणि थरांचे सांधे निर्मळ ठेवण्याच्या कौशल्यावाचून. बोरोकार्बाइडचे स्फटिक आणि इंडियम आर्सेनाइडच्या तारा स्वतः घडवून स्वतःच मोजणाऱ्या संस्थेजवळ हे कौशल्य आहे, आणि पदार्थ घडवण्याच्या या कामाला आपल्याकडे संगणकावरच्या कामाइतकी प्रतिष्ठा मिळायला हवी.

ऐरोली-घणसोलीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना या कामाची ओढ वाटेल, त्यांनी टीआयएफआरच्या ‘चाय अँड व्हाय?’ या विनामूल्य कार्यक्रमाला अवश्य जावे. २००९ पासून सुरू असलेला हा उपक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात होत आला आहे, तो उभारण्यात नॅनोतारा वाढवणारे अर्णब भट्टाचार्यच पुढे होते, आणि तेथे शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतो. मायोराना सापडल्याची पुढची बातमी येईल तेव्हा विचारण्याजोगा पहिला प्रश्न हा, की ज्या तारेत चुंबकाचा थर अतिसंवाहकाला शिवत नव्हता, त्या तारेत काय दिसले.